बाराव्या झाडापर्यंत

आमच्या गावात कुणालाही कुठलीही गोष्ट तीनदा विचारावी लागते. पहिल्यांदा "छे, कशाला उगाच त्रास," दुसऱ्यांदा "नको गं, खरंच नको," आणि तिसऱ्यांदा "बरं, अर्धाच कप दे." तिसऱ्यांदाही जो नाही म्हणतो तो भांडायलाच उठलाय असं समजायचं. माझ्या धाकट्या भावानं, क्लेमनं, मला त्याच्या कॅम्परमध्ये, म्हणजे चाकांवरच्या घरात, राहायला तीनदा बोलावलं आणि मी तीनदा नाही म्हटलं. सुरुवात तिथून झाली. खरं तर त्याच्याही आधी, पण तिथून धरा.

क्लेमनं चार वर्षांपूर्वी आमच्या बापाची चेरीची बाग विकली. बाग त्याच्या नावावर होती, कायद्यानं त्याचं काही चुकलं नाही. पण मला विचारलं नाही ना! सह्या झाल्यावर सांगायला आला, तेसुद्धा मी दिलेल्या चेरी-पायचं, म्हणजे फळं भरून भाजलेल्या गोड पदार्थाचं, भांडं परत करायच्या निमित्तानं. मी भांडं घेतलं, "बरं" म्हटलं आणि दार लावलं. आमच्याकडे असंच भांडतात. आवाज कुणी चढवत नाही, फक्त त्यानंतर माणसाला चेरी-पाय मिळत नाही.

बागेच्या पैशातून त्यानं पिकअप घेतला, त्याला जोडून ओढायचा कॅम्पर घेतला, आणि तो आणि त्याची बायको ट्रूडी तळ्याच्या काठाकाठानं हिंडायला लागले. मुक्कामाला साधी जागा नको, हा त्यांचा हट्ट. एक रात्र दीपगृहाच्या अंगणात. एक रात्र चीजच्या कारखान्याच्या मागे. एक बंद पडलेल्या शाळेच्या मैदानात, झोपाळ्यांच्या शेजारी. प्रत्येक ठिकाणाहून मला पोस्टकार्ड यायचं आणि मी ते न वाचता ड्रॉवरमध्ये टाकायची. म्हणजे, वाचून टाकायची. ऑक्टोबरात एक आलं: "ओळख पाहू कुठे झोपलोय!" चित्र कशाचं, तर आमच्या बागेचं. नव्या मालकानं कॅम्परवाल्यांना एका रात्रीपुरती जागा द्यायला सुरुवात केली होती. बापानं लावलेल्या झाडांखाली माझा भाऊ पाहुणा म्हणून झोपला, आणि वर मला कोडं घालतो! माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

फेब्रुवारीत दोघं दारात उभे.

"मेव्हिस, सगळीकडे झोपून झालं," क्लेम बुटांवरचा बर्फ झटकत म्हणाला. "आता फक्त गोठलेल्या तळ्यावर झोपायचं राहिलंय. तीन रात्री. तू पण चल. ट्रूडीनं तुझ्यासाठी वरचा बिछाना लावलाय."

"मला घरात बिछाना आहे."

"अगं, खाली भोक पाडून मासे धरू. लहानपणी धरायचो तसे."

"मासे दुकानात मिळतात."

ट्रूडी आपली खिडकीबाहेर बघत होती. बिचारी चांगली बाई आहे, तिचं काही चुकलं नव्हतं. क्लेमनं टोपी हातात घेतली. आमच्या बापासारखंच त्याला वरून टक्कल पडलं होतं.

"चल गं, मेव्हिस. खरंच."

हे तिसरं. माझा नवरा नॉर्ब शेगडीपाशी होता. त्याचा हात थांबलेला मला पाठीमागून कळला.

"नको," मी म्हटलं.

क्लेमनं मान हलवली. "बरं. बर्फ कसाय या साली?"

आता इथं बोलायचं होतं. त्या वर्षी थंडी उशिरा आली होती, बर्फ निम्म्या जाडीचा होता, आणि रात्री तो ज्या आवाजात कण्हत होता तो मला आवडत नव्हता. पण मी काय म्हटलं? "तुझं तू बघ. तू कुठं कुणाला विचारतोस?" सुंभ जळाला तरी पीळ जळत नाही म्हणतात ना, ती मी.

आमची खाडी मिशिगन तळ्याला हाताच्या बोटासारखी फुटलेली एक बारकीशी फांदी आहे. जानेवारीत ती गोठली की नॉर्ब आणि मासेमारी क्लबची माणसं बर्फावरून रस्ता आखतात. नाताळ संपल्यावर गावानं फेकलेली झाडं गोळा करायची आणि दर शंभर पावलांवर एक रोवायचं. धुक्यात दुसरं काही दिसत नाही, झाड दिसतं. काठापासून अर्ध्या मैलावर बर्फाला दरवर्षी त्याच जागी आडवी भेग पडते. तिच्यावर क्लब फळ्यांचा पूल टाकतो. पुलापलीकडे बारा झाडं, आणि बाराव्यापाशी मासे धरणाऱ्यांचा आणि कॅम्परवाल्यांचा तळ. परत यायला दुसरी वाट आहे, उत्तरेच्या धक्क्यावरून, तिथवर भेग पोचत नाही, पण तिला पाच मैलांचा वळसा.

भीती एकाच गोष्टीची. वारा गावाकडून तळ्याकडे वाहायला लागला की तो बर्फाला काठापासून ढकलतो. भेग फाकते. मग पलीकडचा माणूस पलीकडेच. आमच्या बापाचा भाऊ तसाच गेला, आणि तेव्हा क्लेम चार वर्षांचा होता, मी नऊची. धुक्यात एक झाड पडलं होतं, काकाला वाट सापडली नाही, एवढंच. त्या दिवसापासून आमच्या घरचा नियम झाला: पडलेलं झाड दिसलं तर ते उभं केल्याशिवाय पुढं जायचं नाही. बापानं आम्हा दोघांना शिकवलं. विरळ बाजू वाऱ्याकडे करायची, बुडाशी लाथेनं बर्फ दाबायचा, वर पाणी ओतायचं. दहा मिनिटांत दगडासारखं होतं.

बुधवारी ते गेले. गुरुवारी वारा फिरला.

गुरुवारी रात्री जेवताना नॉर्ब म्हणाला, "उद्या त्याला आणायला जा तू. तू बोलावलंस तर येईल."

"मी बोलावू? त्यानं मला बाग विकताना बोलावलं होतं?"

"मेव्हिस, त्याला गुडघ्यांमुळे शिडीवर चढता येत नव्हतं. तीन वर्षं चेरी झाडावर सडल्या. तुला माहीत होतं."

"म्हणजे तू त्याच्या बाजूचा!"

"मी कुणाच्याच बाजूचा नाही. बटाटे दे."

मी बटाटे दिले नाहीत. उठून गेले आणि पाठ करून झोपले.

सकाळी उठले तर नॉर्ब साडेपाचलाच बाहेर पडलेला. टेबलावर साखरेच्या भांड्याखाली चिठ्ठी. त्याच्या चिठ्ठ्या मला माहीत आहेत, चाळीस वर्षांत भांडणानंतर दरवेळी तीच: चुकलं, जाऊ दे, संध्याकाळी मासे आणतो. मी म्हटलं, आज इतक्या स्वस्तात नाही. चिठ्ठी पालथी घातली आणि तिच्यावर कप ठेवला.

पण घरात बसवेना. खिडकीची फट शिट्टी मारत होती, म्हणजे वारा गावाकडूनच होता. काठावर कापसासारखं धुकं. मी कॉफी केली, मोठा थर्मास भरला, बुटांना खिळे बांधले आणि निघाले. मनाशी वाक्यसुद्धा ठरवलं होतं: "पुरे झाली हौस, चला घरी. बिछाना घातलाय." त्यात माफी नव्हती, पण आमच्यात एवढं पुष्कळ झालं.

भेगेपाशी पोचले तेव्हा आठ वाजले असतील. पूल होता. पण खाली काल रेघ होती तिथं आज हातभर काळं पाणी दिसत होतं, आणि ते श्वास घेतल्यासारखं वर-खाली होत होतं. मी फळ्यांवरून भरभर गेले. पलीकडे शंभर पावलं मोजली, आणि पहिलं झाड आडवं.

रात्रीच्या वाऱ्यानं पडलं असणार, दुसरं काय. मी थर्मास खाली ठेवला आणि झाड उभं केलं. लाथेनं बर्फ दाबला. पाणी कुठलं आणू? थर्मास उघडला आणि दोन घोट कॉफी बुडाशी ओतली. वाफ आली, तपकिरी डाग पडला आणि बघता बघता कडक झाला. मला हसू आलं, खरं सांगते. क्लेम असता तर म्हणाला असता, "म्हातारे, झाडाला साखर किती?"

दुसरंही आडवं. तिसरंही. चौथ्यापाशी माझ्या मनात काहीतरी टोचलं. सगळ्यांचे शेंडे गावाकडे होते, आणि वारा तर रात्रभर गावाकडून वाहत होता. वाऱ्यानं पडलेलं झाड वाऱ्याच्या विरुद्ध कसं पडेल? मी तिथं उभी राहिले. बर्फ खालून लांब, बारीक आवाजात किंचाळला आणि गप्प झाला. मग मी स्वतःलाच म्हटलं, मेव्हिस, तू काय हवामानखातं आहेस? आणि पाचव्याकडे गेले. मला त्या क्षणी दोन थोबाडीत मारणारं कुणीतरी हवं होतं.

अकरा उभी केली, बारावं उभं केलं. थर्मास रिकामा. समोर धुक्यात कॅम्परची पिवळी खिडकी दिसत होती. खारवलेल्या डुकराच्या मांसाच्या तळणाचा वास आला. आणि क्लेमचं हसणं ऐकू आलं, पोट धरून हसतो ना तो, तसं. मी वीस पावलांवर होते. बोलवायचं होतं, नाव घ्यायचं होतं, बस. पण ते हसणं ऐकलं आणि माझं डोकं फिरलं. बाग विकून माणसाला इतकं हसू येतं? मी चार वर्षं तिकडून जाणारा रस्ता टाळते, आणि हा हसतो! शिवाय हातात रिकामा थर्मास. रिकाम्या थर्मासनं का कुणाला न्यायला जातात?

मी वळले. नॉर्ब सांगेल त्यांना, म्हटलं, त्याचंच काम आहे ते.

घरी गेलेच नाही. शुक्रवार होता, चर्चच्या हॉलमध्ये संध्याकाळच्या माशांच्या जेवणाचे बटाटे सोलायचे होते. तिथं बायकांमध्ये बसले आणि सोलत राहिले. कुणीतरी विचारलं, "क्लेम परत आला का?" मी म्हटलं, "येईल की. लहान आहे का तो?" अकराच्या सुमाराला अग्निशमनाचा भोंगा वाजला. सगळ्या बायकांनी चाकू खाली ठेवले. भोंगा वाजला की प्रत्येक बाई मनात स्वतःच्या घरची डोकी मोजते. माझी मोजून संपत नव्हती.

काठावर धुकं विरळ व्हायला लागलं होतं. क्लबचा ट्रॅक्टर उभा होता आणि त्याच्यामागे, बर्फावर ओढून आणलेला, फळ्यांचा पूल. मी पुलाकडे बघितलं. मग नॉर्बकडे. त्याचा चेहरा मेणासारखा झाला होता. ट्रूडी घोंगड्यात गुंडाळलेली, शेरीफच्या पोलीसगाडीच्या पायरीवर बसलेली. बचावाच्या होडीनं तिला भेगेपलीकडून आणलं होतं. गुडघ्यापर्यंत ओली. क्लेम नव्हता. पिकअप नव्हता. कॅम्परचं छप्पर भेगेत तिरकं दिसत होतं, आणि मी बघता बघता तेही खाली गेलं.

बर्फावरून जड गाडी ओढताना बायकोनं गाडीत बसायचं नाही, शंभर पावलं मागून चालायचं, हा आमच्याकडचा जुना नियम. तिनं तो पाळला होता. शेरीफला ती एकच गोष्ट पुन्हापुन्हा सांगत होती: "मागचे लाल दिवे दिसत होते. ते वाकले. आणि मग नव्हते."

"पण तुम्ही या वाटेनं आलातच कशाला?" शेरीफ म्हणाला. पोरगाच होता, आवाज हळू ठेवायचा प्रयत्न करत होता. "नॉर्बनं सहा वाजता फोन केला होता ना? पूल काढणार, झाडं आडवी करतोय, उत्तरेनं या म्हणून?"

"केला होता."

"मग झाडं आडवी होती की उभी?"

ट्रूडीनं मान वर केली. माझ्याकडे बघितलं. माझ्या काखेत अजून तो थर्मास होता, हॉलमधून धावताना तसाच उचलून आणलेला. तिनं तो बघितला, शेरीफकडे वळली आणि म्हणाली, "धुकं होतं. मला काही दिसलं नाही."

नॉर्ब खाली, स्वतःच्या बुटांकडे बघत होता.

घरी आले तेव्हा कप तिथंच होता. उचलला. चिठ्ठी उलटली. "मेव्हिस, भेग वाढतेय. दहाला पूल काढतो. पलीकडची झाडं आम्ही आता आडवी करतोय, म्हणजे वाट बंद, क्लबचा नवा नियम. त्यांना हात लावू नकोस. क्लेमला फोन करतो, तो उत्तरेनं येईल. कॉफी जास्त ठेव, गारठून येतील. नॉर्ब." नवा नियम गेल्या हिवाळ्यात झाला होता. नॉर्बनं मला सांगितलाही असेल. मी त्याचं निम्मंच ऐकते, हे गावाला माहीत आहे.

तो आत आला, माझ्या हातातली चिठ्ठी घेतली, चार घड्या घातल्या आणि खिशात टाकली. त्याबद्दल आजवर तो एक शब्द बोललेला नाही. त्यानं मला शिव्या दिल्या असत्या तर मी त्याचे पाय धरले असते.

क्लेमला पाणबुड्यांनी तिसऱ्या दिवशी वर आणलं. पाचव्या दिवशी वाऱ्यानं सगळा बर्फ तळ्यात नेला, त्याबरोबर बाराही झाडं गेली. तपकिरी डाग कुणी पाहिले असतील-नसतील, आता दाखवायला काही उरलं नव्हतं. अंत्यविधीला सगळं गाव आलं. सगळे माझा हात धरून म्हणाले, "मेव्हिस, तू मनाला लावून घेऊ नकोस." आमची माणसं फार चांगली आहेत हो. त्या चांगुलपणानं जीव जातो.

आठवड्यानं ट्रूडी निरोप घ्यायला आली. बहिणीकडे राहायला चालली होती. कोट न काढता स्वयंपाकघरात बसली.

"कॉफी टाकू?" मी विचारलं.

"नको, कशाला."

"टाकते थोडी."

"नको गं, खरंच."

तिसऱ्यांदा विचारायचं माझं धाडस होईना. ती माझ्या पोस्टकार्डांच्या ड्रॉवरकडे बघत होती, जसं काही तिला माहीत होतं.

"तुला एक सांगायचंय," ती म्हणाली. "मी कुणाला बोलले नाही, बोलणारही नाही. आम्ही सामान भरलं, तळावरून निघालो. उत्तरेला वळायचं होतं. क्लेमनं बारावं झाड बघितलं आणि गाडी थांबवली. मी म्हटलं, नॉर्ब म्हणाला होता आडवी असतील. तो खाली उतरला, वाकून बुडाशी बघितलं. मग बोट लावून चाटलं. चाटलं, मेव्हिस! आणि असा हसला की विचारू नकोस. म्हणाला, 'कॉफी आहे! ही मेव्हिस आहे. आपली वाट उघडायला आली होती.' मी म्हटलं, फोन कर आधी. तो म्हणाला, 'फोन कसला करायचा. तिनं झाडं उभी केलीत म्हणजे वाट ठीक आहे, बापानं शिकवलंय आम्हाला. तिनं बोलावलंय, ट्रूडी. मी तिच्या दारानंच जाणार.'"

तिनं हातमोज्यानं नाक पुसलं.

"गाडीत बसताना म्हणाला, 'तिचा राग गेला बघ.' चार वर्षांत मी त्याला इतकं खूश बघितलं नव्हतं. तुला कळावं असं वाटलं."

शेगडीवरचं पाणी उकळायला लागलं होतं. मी कधी ठेवलं ते मला आठवत नाही.

ट्रूडी माझ्याकडे बघत होती. तिच्या डोळ्यांत राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

"गेला होता ना, मेव्हिस?" तिनं विचारलं. "राग?"

बाराव्या झाडापासून वीस पावलं. पिवळी खिडकी, तळणाचा वास, आणि त्याचं हसणं.

"हो," मी म्हटलं. "गेला होता."

"बरं," ती म्हणाली. तिनं कोटाची बटणं काढली. "मग टाक कॉफी. अर्धाच कप."